जांभळी फुली

उभ्या मेहकर तालुक्यात म्हाताऱ्या माणसाला आडवं होऊ न देणारी एकच बाई होती, आणि ती बाळंतपणाची डॉक्टरीण होती. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. इतकं ठाम लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. चारचौघांत ठाम बोलणं हे आपलं काम नव्हे, ते कोणीतरी दुसरं करतं, असंच मला लहानपणापासून वाटत आलं. पण बाईंबद्दल गुळमुळीत लिहिलं तर त्या माझा हात हातात घेतील आणि म्हणतील, "लिवतं एक अन् नाडी सांगते दुसरंच." तेव्हा राहू दे ते वाक्य. एका एप्रिलच्या दुपारी माझे आजोबा, आमचे आबा, बाईंच्या बाळंतपणाच्या टेबलावर होते, आणि ते तिथून उठतात की त्यांना उचलून न्यावं लागतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मला त्या दुपारबद्दलच सांगायचं आहे. मात्र आधी बाई सांगायला हव्यात, नाहीतर त्यांनी केलं ते वेडेपणाचं वाटेल. तिथं हजर असलेल्यांना तसं वाटलंच होतं.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी सुलतानपूरचा, बी.एस्सी.साठी मेहकरला, आणि राहायला बाईंच्या दवाखान्याच्या माडीवर. त्या इमारतीत आठवड्याच्या वर टिकलेला मी पहिलाच पुरुष, असं तिथली आया म्हणायची. बाकीचे जन्मले की पाचव्या दिवशी घरी जात. बाई पंचावन्नच्या आसपास असतील. उंच, हडकुळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि मनगटावर पुरुषाचं भलंमोठं घड्याळ. शिक्षण नागपूरला झालेलं, पण बोलणं त्यांनी खामगावकडचं ठेवलं होतं, जसंच्या तसं. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात तसंच बाईही म्हणत. पुण्याहून आलेला एक औषधवाला ते ऐकून हसला, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर एका बाळंतिणीच्या सासूला बसवलं आणि त्याला म्हणाल्या, "हिच्याशी बोल. हिले तुह्यी भाषा समजली, त मी माह्यी बदलतो." तो अर्धा तास बोलला. सासूने शेवटी बाईंना विचारलं, "हे बुवा काय इकून राह्यले?"

समोरचा बोलू लागला की बाई त्याचं मनगट धरत. आजारी असो, नसो. दूधवाला, पोस्टमन, कॉलेजचे प्राचार्य, सगळे बाईंशी हात देऊनच बोलत. एका सुनेचं वजन भरेना म्हणून बाईंनी सासूला पुढ्यात घेतलं. "सून रोज दोन भाकरी खाते, बाई," सासू म्हणाली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, हात सोडला नाही. "जीभ दोन म्हनते, नाडी अर्धी म्हनते." सासू स्वतःच्या मनगटाकडे पाहत म्हणाली, "अर्धीच, बाई." माझा पेपर कसा गेला हेही त्या असंच विचारत. मी "बरा गेला" म्हणायचो, आणि त्या माझा हात खाली ठेवत म्हणायच्या, "जाय, अभ्यास कर."

त्या वर्षी त्यांच्याकडे सोनोग्राफीचं मशीन आलं. पोटातलं लेकरू पडद्यावर दाखवणारं मशीन म्हणून बघ्यांची रीघ लागली. मशीनला गारवा लागतो म्हणून त्या खोलीत कूलर बसवला गेला, आणि चैत्र लागल्याबरोबर अर्ध्या गावाच्या पोटात दुखायला लागलं. बाई सगळ्यांना ओळखून होत्या. "कूलरची कळ हाय, बाहेर बसा," म्हणत. धूळ बसू नये म्हणून मशीनवर त्या एक हिरवागार शालू पांघरत. बाईंच्या आईने तो त्यांच्या लग्नासाठी घेऊन ठेवला होता. लग्न काही झालं नाही. "पेटीत कसर लागन्यापरीस याच्या आंगावर बरा," असं त्या सांगत, आणि मशीनकडे अशा पाहत की विषय तिथंच संपे. मशीनपाशी एखादी सून झोपली की दाराशी उभा असलेला नवरा नाहीतर सासरा हमखास विचारायचा, "काय हाय, बाई?" आणि बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणत, "मानूस हाय. जिता हाय. अजून काय पाह्यजे तुले?" याच्यापुढं त्यांच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही. एकजण तर पोटातलं पाणी सुईने काढून तपासा, मुलगी असेल तर सांगा, म्हणून लांब सुई घेऊनच आला होता. बाईंनी ती सुई त्याच्या हातातून घेतली, कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. त्या कोणाला सोडायला गेल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. तो जिना तीन-तीन पायऱ्या एकदम उतरला.

आमच्याकडची लाइट म्हणजे पाहुणी. ती जायच्या आधी काम उरकायचं म्हणून बाईंनी एक सवय लावून घेतली होती. लेकराच्या छातीची धडधड पडद्यावर सापडली की मशीन बाजूला ठेवण्याआधी त्या जखमेला लावायच्या जांभळ्या औषधात काडी बुडवून पोटावर नेमक्या त्या जागी फुली मारत. "लाइट गेली त गेली, ठिकान जायाले नाही पाह्यजे." तालुक्यातल्या गरोदर बायका पोटावर जांभळ्या फुल्या घेऊन हिंडत. सुरुवातीला खेड्यांतून त्यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं देवीचं काही असेल, कोणी म्हणालं टोचून काढायची जागा असेल. नंतर फुली नसली तर सासवाच सुनांना परत पाठवू लागल्या, "नीट पाह्यलं नाही वाटते बाईनं."

पण खरी गंमत वेगळीच होती, आणि त्या गमतीवरच पुढचं सगळं अवलंबून होतं. सुनेला घेऊन आलेल्या सासूलाही बाई सोडत नसत. सुनेचं झालं की, "तू बस. तुहीबी छाती पाह्यतो," म्हणून तेच मशीन त्या सासूच्या बरगडीखाली लावत. सासवा लाजत, हसत, लुगडं सावरत. कोणाला काही झालेलं नसे. बाई नुसत्या पाहत राहत. म्हातारं काळीज कसं आवळतं, कसं उघडतं, किती दमाने चालतं. हृदयाची सोनोग्राफी हे शब्दसुद्धा तेव्हा आमच्या भागात कोणी ऐकलेले नव्हते. गावातले मोठे डॉक्टर चेष्टा करायचे, "बाई आता सासवांची बाळंतपणं करणार." बाईंचं उत्तर साधं होतं, "चांगली काळजं पाह्यल्याबगर बिघडलेलं कसं समजीन?" आणि पाहताना त्या म्हाताऱ्या माणसाला कधी आडवं झोपवत नसत. तरणं माणूस झोपून दम घेतं, म्हातारं माणूस बसून, हे त्यांचं शास्त्र. धाप लागलेला म्हातारा कोणी खांद्यावर घालून आणला की बाई जिन्यातूनच ओरडत, "बसवा त्याले! आधी बसवा, मंग रडा!" मी माडीवर पुस्तक उघडून बसलेलो असायचो आणि ते वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकायचो. पाठ करायचं म्हणून मी ते पाठ केलं नव्हतं.

लेखी पेपर संपले, प्रॅक्टिकल राहिलं होतं. मधल्या सुटीत मी गावी गेलो. आबांना दीड महिन्यापासून संध्याकाळचा ताप येई, जेवण तुटलं होतं, पाय सुजले होते. रात्री ते भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपत. घरच्यांना तो हट्ट वाटायचा. त्या दिवशी सकाळी गावात येणाऱ्या डॉक्टरांनी पायाची सूज उतरावी म्हणून लघवीचं इंजेक्शन दिलं. लघवी भरपूर झाली. अकराच्या सुमारास आबा दारातून आत येता येता खाली बसले आणि त्यांचे डोळे फिरले. हातपाय गार पडले. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांनी त्यांच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाले, "खाली घ्या."

आमच्याकडे जाणाऱ्या माणसाला खाटेवर जाऊ देत नाहीत. जमीन सारवायची, घोंगडी टाकायची, त्याला भुईवर सरळ निजवायचं आणि तोंडात गंगेचं पाणी घालायचं. यात कोणाचं काही चुकत नव्हतं. आबांनीही त्यांच्या वडिलांना असंच भुईवर घेतलं होतं. बायकांनी सारवलं. चौघांनी आबांना उचलून सरळ झोपवलं. आणि मी पाहिलं, की पाठ टेकल्याबरोबर आबांचे ओठ काळेनिळे झाले आणि तोंड मासोळीसारखं उघडलं. मोठ्याबाबांनी पाणी पाजायला मान थोडी वर उचलली, तर छाती हलली. मान खाली ठेवली, छाती थांबली. मी ते दोनदा पाहिलं. माझ्या कानात बाई ओरडत होत्या, आणि घरात पंधरा माणसं होती, आणि त्यातलं कोणीही माझ्याहून लहान नव्हतं.

आजही सांगता येत नाही की मी किती वेळ तसाच उभा राहिलो. माझे वडीलसुद्धा मोठ्याबाबांपुढे बोलत नसत. मी बोललो नाहीच. मी जाऊन आबांच्या मागे बसलो, त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उठवून माझ्या छातीशी टेकवलं.

"काय करून राह्यला बे?" मोठेबाबा ओरडले. "सोड त्याहिले!"

"बसवायचं मोठेबाबा... बाई म्हणतात."

"कोन बाई?"

"मेहकरची. बाळंतपणाची."

मग मोठेबाबा म्हणाले, "बुढ्याले बाळंतीन करतं का? त्याहिचा जीव सुखानं जाऊ दे. ठेव खाली!"

मी ठेवलं नाही. तेवढ्यात आबांनी एक लांब श्वास घेतला, डोळे उघडले आणि मोठ्याबाबांकडे पाहून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "काऊन ओरडतं रे?"

शेजारच्यांची जीप मिळाली. अर्ध्या तासाचा रस्ता, आबा माझ्या छातीला टेकून, मोठेबाबा समोर गंगेच्या पाण्याचा गडू दोन्ही हातांनी धरून. खड्डा आला की आबांची मान पुढं पडायची आणि मोठेबाबा गडूचं झाकण काढायचे. गेलो ते आधी मोठ्या डॉक्टरांकडे. तिथल्या कंपाउंडरने सांगितलं, साहेब लग्नाले गेले जळगाव जामोदले, उद्या सांजच्याले येतीन. अकोल्याला न्यायचं तर आणखी तीन तास. मी आबांची नाडी पाहिली. मला ती पाहता येत नव्हती, पण बाईंना रोज पाहून जागा माहीत झाली होती. त्या जागी जवळजवळ काही नव्हतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, "बाईंकडे." मोठेबाबा गडूकडे पाहत होते.

बाई जिन्यातच होत्या. त्यांनी आबांचं मनगट धरलं, मानेकडे पाहिलं. गळ्याच्या शिरा दोरासारख्या फुगलेल्या होत्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. "वाजून राह्यलं," त्या म्हणाल्या, "पन लय दूर. विहिरीच्या बुडातून आल्यावानी." दवाखान्यात पाठ वर उचलता येईल असं एकच टेबल होतं, बाळंतपणाचं. आबांना त्यावर बसतं केलं. पाय ठेवायच्या त्या दोन लोखंडी खोबण्या पाहून आबांनी डोळे मोठे केले. त्यांच्यात बोलायची ताकद नव्हती, तरी ते बोलले, "हे बायकाचं मशीन. मी नाही."

"मशीन ना बाईचं असते आबा, ना बुवाचं. बंडी काढा. टोपी राहू द्या."

"काय... दिसते त्यात?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "आबा, विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज परत येतो ना, तसं हे हाक मारतं. परत येईल त्यावरून कळतं आत किती पाणी आहे." आबा पाणाडे होते, विहिरीला पाणी कुठं लागेल ते दाखवण्यातच त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. त्यांनी टोपीवरचा हात काढला.

मशीनला लावायची जेली संपली होती. बाईंनी लेकरांना चोळायचं तेल आबांच्या बरगडीखाली ओतलं, शालू भिरकावला आणि हातातलं यंत्र खालून वर, छातीकडे दाबलं. पडद्यावर आधी नुसती भुरभुर होती. मग काळं दिसलं. त्या पडद्यावर काळं म्हणजे पाणी, हे माडीवर राहून मलाही कळत होतं. त्या सगळ्या काळ्याच्या मध्ये एक मूठभर काहीतरी चेंगरल्यासारखं थरथरत होतं.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "हे त मी रोज पाह्यतो. पान्यात पोह्यनारं लेकरू. लेकराले पान्यात ऱ्हायाचं असते. याचा मात्र पान्यानं गळा धरला हाय." हृदयाभोवती एक पिशवी असते, तिच्यात पाणी भरलं होतं, हृदयाला उघडायलाच जागा नव्हती. बाहेरून सुजलेले पाय दिसत होते, म्हणून सूज उतरवायचं इंजेक्शन दिलं गेलं, आणि त्या हृदयात जे थोडं रक्त शिरत होतं तेही कमी झालं. "इंजेक्शन देनाऱ्याची चूक नाही," बाई म्हणाल्या. "मीबी तेच देल्लं असतं. त्याले आतलं दिसत नव्हतं."

पाणी काढायला हवं होतं, सुईने, आणि तेही आत्ता. सुई बोटभर जास्त गेली तर थेट काळजात. बाईंनी हे मोठ्याबाबांना दारात उभं करून सरळ सांगितलं. असं त्यांनी आजवर कधी केलेलं नाही हेही सांगितलं. बाहेरच्या बाकावर तीन गरोदर बायका बसल्या होत्या, त्यांच्या सासवा कान देऊन होत्या. या टेबलावर म्हातारा गेला तर उद्यापासून तिथं कोणी सून झोपली नसती. मोठेबाबा म्हणाले, "न्यायचं त नेऊ, बाई. तिकडं घरी सारवून ठेवलं हाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा नसावी. मी म्हणालो, "मोठेबाबा, काढू द्या." बस, एवढे तीन शब्द. माझ्या आयुष्यात मी याहून ठाम काही बोललेलो नाही.

बाईंनी कपाटाचं कुलूप काढलं. ती लांब सुई, त्या जिना उतरून गेलेल्या माणसाची, आयाने पाण्यात उकळायला टाकली. बाईंनी पडद्यावर अंतर मोजलं आणि उकळलेल्या सुईवर तेवढं मोजून चिकटपट्टीचा तुकडा लावला, याच्यापुढं जायचं नाही. मग सवयीने काडी जांभळ्या औषधात बुडवली आणि आबांच्या छातीच्या हाडाखाली, जिथून वाट सरळ होती तिथं, फुली मारली.

आणि लाइट गेली.

पडदा काळा झाला, कूलर थांबला. इतका वेळ त्या आवाजाखाली दडलेली आबांची घरघर एकदम ऐकू आली. आया म्हणाली, "अगं बाई." बाईंनी डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, "माह्यीच धावून राह्यली." तसंच धरून त्या दोन श्वास थांबल्या. मग आयाला खिडकी उघडायला लावली. एप्रिलचं पांढरं ऊन थेट फुलीवर पडलं.

"तू मागून धर त्याहिले. अन् नाडी सांगत ऱ्हाय. खरं सांगजो."

बधिर करायचं औषध टोचलं. मग लांब सुई फुलीतून आत, डाव्या खांद्याच्या दिशेने, तिळातिळाने. बाई पिचकारी मागे ओढत होत्या. काही येत नव्हतं. चिकटपट्टी कातडीपासून दोन बोटांवर आली. मग एका बोटावर.

"नाडी?"

"लागत नाही बाई."

"नीट पाह्य."

"लागत नाही."

बाईंनी सुई तशीच थोडी मागे घेतली, केसभर खाली वाकवली, पुन्हा आत. चिकटपट्टी कातडीला टेकली. आणि पिचकारीत चहाच्या रंगाचं पाणी आलं.

एक पिचकारी. दुसरी. तिसरीला माझ्या बोटांखाली काहीतरी हललं. मला वाटलं माझंच असेल, मी बोटं बदलली. परत हललं. "बाई," मी म्हणालो, आणि पुढं मला बोलताच येईना. बाईंनी मान वर केली नाही. "जीभ चालत नाही त नको चालू. नाडी चालते ना?" मी मान हलवली. आयाच्या हातातलं भांडं भरत गेलं, आबांच्या गळ्याच्या शिरा उतरत गेल्या, ओठांवर रंग आला. आबांनी खाली स्वतःच्या छातीकडे पाहिलं, मग भांड्याकडे, आणि म्हणाले, "पानी लागलं वाटते."

मोठेबाबा दारातच होते. इतका वेळ त्यांना आत पाऊल टाकवलं नव्हतं. त्यांना काय विचारावं कळलं नसणार, कारण त्यांनी तेच विचारलं जे त्या दारात उभा राहिलेला प्रत्येक पुरुष विचारत आला होता, "काय हाय, बाई?"

"मानूस हाय," बाई म्हणाल्या. "जिता हाय." आणि त्या स्टुलावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर लग्नाहून आले. त्यांनी सगळं ऐकलं, भांड्यातलं पाणी तपासायला पाठवलं. तो क्षय निघाला आणि महिनोन् महिने चालणारी औषधं सुरू झाली. लाइट आल्यावर बाईंनी परत मशीन लावून पाहिलं होतं, तेव्हा पडद्यावरचं ते काळीज मोकळं उघडझाप करत होतं. ते मोठ्या डॉक्टरांनीही पाहिलं. सासवांच्या बाळंतपणाची चेष्टा त्यांनी पुन्हा केली नाही. उलट त्यांच्याकडे धाप लागलेला म्हातारा आला की ते चिठ्ठी लिहून बाईंकडे पाठवू लागले. चिठ्ठीवर "एकदा आतून पाहून घ्या" एवढंच असे. आता सगळीकडे दम लागलेल्या म्हाताऱ्याच्या छातीवर आधी तेच यंत्र टेकवतात, कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आबा आणखी सात वर्षं जगले. छातीवरची फुली आठ-दहा दिवसांत पुसट झाली, पण गावात ते बंडी वर करून ती जागा दाखवत राहिले. "इथं बाईनं पाह्यलं. मानूस निंघाला." झोप मात्र त्यांनी भिंतीला टेकूनच घेतली. आता दम लागत नव्हता, तरी बाईंचा शब्द मोडायची त्यांची तयारी नव्हती. ते गेले तेही तसेच, पहाटे, भिंतीला टेकून. जमीन सारवली गेली, घोंगडी टाकली गेली. चौघं उचलायला वाकले तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "थांबा. पयले बसवून पाह्यू." आम्ही त्यांना बसवलेलंच ठेवलं, बराच वेळ. मग आडवं केलं.

तोवर मी नोकरीला लागलो होतो, आणि बाईंनी दवाखाना बंद करून खामगावला भाचीकडे मुक्काम हलवला होता. पुढच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो. खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या, हाताला कंप सुटलेला, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकणारं. माझी नोकरी, माझं लग्न, सगळं विचारून झालं. आणि मग त्या एकदम खुलून म्हणाल्या, "अन् आबा? बसूनच झोपते ना अजून?"

त्यांचा चेहरा इतका उजळला होता. मला सांगवेना. मी म्हणालो, "हो बाई. बसूनच."

माझा हात कधीपासून त्यांच्या हातात होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कापणारी बोटं माझ्या मनगटावर स्थिर झाली, आणि घड्याळाकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "कधी?"

"मागच्या पौषात."

"आडवं कराच्या आधी बसवून पाह्यलं होतं ना?"

"हो बाई."

त्यांनी मान हलवली. हात सोडला नाही. आम्ही तसेच बसून राहिलो. त्या माझी नाडी मोजत होत्या, आणि ती जे सांगत होती त्यात सोबत करत होत्या.